सहीसलामत

गोरेगाव स्टेशनबाहेर कुणालाही थांबवून विचारा, "तुमची डिजिटल सही आहे का हो?" माणूस चालता चालता खिशातून मोबाइल काढेल, गॅलरीत शिरेल, सत्यनारायणाची पूजा, नातवाचं बारसं, आरे कॉलनीतला पाऊस असं सगळं अंगठ्याने मागे सारेल आणि एक फोटो तुमच्यापुढे धरेल. पांढऱ्या कागदावर निळ्या पेनाने केलेली सही. ट्यूबलाइटखाली काढल्यामुळे कागद करडा आलेला, अर्ध्या भागावर मोबाइलवाल्या हाताची सावली आणि कोपऱ्यात लोणच्याच्या बरणीचं बूड. ही त्याची डिजिटल सही.

ती त्याने मुलीकडून कापून, उजळून, वीस केबीच्या आत बसवून घेतलेली असते. परीक्षेचा फॉर्म, विम्याचा क्लेम, सोसायटीची एनओसी, सगळीकडे तीच डकवतात. कायद्याच्या लेखी हे सहीचं चित्र आहे, सही नव्हे. कुणीही उचलावं आणि कुठेही चिकटवावं. आमच्या सोसायटीत नेमकं हेच चालतं. सेक्रेटरी गावी गेले की सामानाचा टेम्पो आत सोडायला अडचण होते, म्हणून त्यांच्या सहीचा फोटो वॉचमनच्या मोबाइलात कायमचा ठेवलेला आहे. मागच्या गणपतीत सेक्रेटरी कणकवलीला मोदक खात होते आणि इकडे त्यांच्या सहीने दोन बिऱ्हाडं गेली, एक आलं. परतल्यावर लिफ्टमध्ये नवी मंडळी पाहून ते चमकले, पण कागद बघितल्यावर गप्प बसले. सही त्यांचीच होती.

खरी डिजिटल सही डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला आमच्याकडे माणसं फक्त देवळात जातात. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याने जिला डिजिटल सही म्हटलं ती पेनाची करामत नाही, गणिताची आहे. आधी सगळा मजकूर एका सूत्रातून गाळून त्याचा एक ठसा काढतात, बहुतेक वेळा २५६ बिटांचा. मजकूर एक पान असो की हजार पानं, ठसा तेवढाच. पण मजकुरातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की ठसा साफ बदलतो. आमच्या आजीला आमटीतला गूळ नेहमीच्या डब्यातला आहे की नव्या ढेपेचा, हे पहिल्याच भुरक्यात कळायचं, तसंच हे. फरक इतकाच की कॉम्प्युटर सुनेला ऐकवत नाही. हा ठसा तुमच्या खासगी किल्लीने बंद होतो आणि तिच्या जोडीच्या, जगजाहीर असलेल्या दुसऱ्या किल्लीने कुणालाही पडताळून पाहता येतो.

दोन किल्ल्यांची ही कल्पना व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी तिचं चालतं सूत्र काढलं. १९७७ साली गोरेगावकर मृणालताई गोरे यांना लोकसभेवर पाठवण्याच्या गडबडीत होते, आणि ते काम मतपत्रिकेवर रबरी शिक्का उमटवून चाललं होतं. अमेरिकेतल्या तिघा जणांनी सही नावाची वस्तू मोडीत काढलीय, ही बातमी पाणीटंचाईच्या त्या दिवसांत गोरेगावपर्यंत पोचली नाही. अजूनही पुरती पोचलेली नाही.

सरकारने या सहीला वर्गही पाडून दिले: क्लास वन, क्लास टू, क्लास थ्री. लोकलने आयुष्य काढलेल्या माणसाचा इथे घोटाळा होतो. त्याच्या हिशेबी फर्स्ट क्लास म्हणजे गादी आणि सेकंड क्लास म्हणजे चौथी सीट. सहीच्या राज्यात सगळं उलटं. क्लास वन सर्वांत किरकोळ; क्लास थ्री सर्वांत मानाचा, त्यात तुम्हाला जातीने प्रकट होऊन ओळख पटवावी लागते. रेल्वेने थर्ड क्लास कधीच बंद केला आणि सेकंड ठेवला. सहीवाल्यांनी १ जानेवारी २०२१ पासून सेकंड क्लास बंद केला आणि थर्ड ठेवला. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी एजंटला बजावलं होतं, "थर्ड क्लास नको. चार पैसे जास्त जाऊ देत, पण फर्स्टचं काढा." एजंटने थोडा वेळ समजावलं, मग नाद सोडला. त्याने क्लास थ्रीचं काढून दिलं आणि चार पैसे जास्त घेतले.

प्रकट होणं म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून, पॅनकार्ड हनुवटीखाली धरून, आपलं नाव स्पष्ट उच्चारणं. घरातली मंडळी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी असतात. गृहस्थ स्वतःचं नाव असं सांगतात की जणू गुन्हा कबूल करताहेत. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते आणि सगळं पहिल्यापासून.

हे पार पडलं की एक टोकन हाती येतं. सीएकडे त्याला डीएससी म्हणतात, एजंट डोंगल म्हणतो, घरोघरी मात्र ते "तो पेनड्राइव्ह" या नावाने ओळखलं जातं. त्यात गाणी भरायचा प्रयत्न झालेली घरं मला ठाऊक आहेत. बंदोबस्त मोठा कडक असतो. खासगी किल्ली टोकनाच्या बाहेर काढताच येत नाही, ती आत बसूनच सही करते. पिन पुन्हा पुन्हा चुकला की टोकन तोंड मिटून बसतं. फार तर तीन वर्षांनी मुदत संपते, मग माणूस धडधाकट असला तरी त्याची सही वारलेली असते. जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना जुंपलं तरी तुमची ही सही खोटी करता येणं आज कुणाच्या आवाक्यात नाही.

तर असं हे अभेद्य टोकन असतं कुठे? सीएच्या ड्रॉवरमध्ये.

मी तो ड्रॉवर पाहिला आहे. एस. व्ही. रोडच्या आतल्या एका गल्लीतलं ऑफिस, खाली चप्पलांचं दुकान, वर लाकडी पार्टिशनमागे आर्टिकलशिप करणारी दोन मुलं. दिवाळीत कुणीतरी दिलेला सुक्यामेव्याचा डबा. काजू, बदाम, पिस्ते, मनुका यांचे खण अजून शाबूत. काजूच्या खणात कंपन्यांचे डायरेक्टर, बदामात भागीदारी फर्मवाले, पिस्त्यात ट्रस्ट आणि मनुकांत ज्यांची फी थकली आहे ते. प्रत्येक टोकनाला रबरबँडने एक चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव आणि नावाखाली पिन. काहींवर पिन नव्हता. विचारलं तर मुलगा म्हणाला, "त्यांचा नेहमीचाच आहे." म्हणजे टोकन येताना जो असतो तो. रिटर्नची मुदत जवळ आली की हा मुलगा एकेक टोकन लॅपटॉपला टोचत जातो. त्या संध्याकाळी मी चहा पीत बसलो होतो तेवढ्यात त्याने तीन उद्योगपती, एक शाळेचे विश्वस्त आणि दोन सख्खे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत, एवढ्यांच्या सह्या केल्या. एक डायरेक्टर समोरच बसले होते. ते पेपर वाचत होते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमात खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची त्याने घ्यावी असं लिहिलं आहे. मी ते त्या डायरेक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "घेतो ना काळजी. म्हणून तर इकडे ठेवलंय. घरी हरवतं."

मला यातली खरी गंमत अशी वाटते: पेनाची सही कुणालाही खोटी करता यायची, म्हणून माणूस ती जिवापाड जपायचा. कोऱ्या कागदावर सही करू नये हे मुलांना शुभंकरोतीच्या जोडीने शिकवलं जायचं. आता खोटी करताच येत नाही अशी सही निघाली, तर आपण खरीच दुसऱ्याच्या स्वाधीन करून मोकळे झालो. कोऱ्या चेकवर सही करायला ज्यांचा हात थरथरायचा, ते आज आपला अख्खा हातच सुक्यामेव्याच्या डब्यात ठेवून घरी जातात.

टोकन परवडत नाही, सांभाळता येत नाही, त्यांच्यासाठी आधारवरची ई-सही आहे. २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात डिजिटल सहीच्या बरोबरीने इलेक्ट्रॉनिक सही आली आणि २०१५ च्या नियमांनी आधारच्या ओटीपीवर सही करायची सोय झाली. यात तुमच्याकडे काहीच नसतं. ओटीपी टाकला की तिकडे किल्ल्यांची एक जोडी तेवढ्यापुरती जन्माला येते, सही करते आणि नष्ट होते. तिचं प्रमाणपत्र फक्त तीस मिनिटं जगतं. गोरेगावला स्लो गाडीत बसून सही केलीत तर दादर यायच्या सुमारास तिचे दिवस घालायला हरकत नाही. कागदावरची सही मात्र पुढेही चालते, कारण ती केली तेव्हा किल्ली जिवंत होती.

पण ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरावर, आणि तो नंबर बहुतेक घरांत भलत्याच माणसाकडे असतो. आमच्या शेजारी काकांच्या आधारला काकूंचा नंबर आहे. मुलगा पुण्यात बसून त्यांचे कागद करत होता. त्यानेच मागच्या दिवाळीत आईला घोकून घेतलं होतं की ओटीपी कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही.

"आई, आता एक नंबर आला असेल बघ, तो सांग पटकन."

"नाही सांगणार."

"अगं, मी बोलतोय!"

"सगळे असंच म्हणतात. पेपरात आलंय."

"आवाज ओळखत नाहीस माझा?"

"आवाजाची हुबेहूब नक्कल करतात म्हणे आता. तू माझा मुलगा असशील तर सांग, तुला कोणती भाजी आवडत नाही?"

"दुधी. आई, वेळ संपतोय."

"दुधी कुणालाच आवडत नाही," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला. सायबर सुरक्षेची इतकी चोख व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही. काकांची सही शेवटी पुढच्या रविवारी, मुलगा स्वतः हजर झाल्यावर, दुधीच्याच भाजीच्या पंगतीला झाली.

आणि मग अंगठा. गोरेगावात ज्याचं स्वतःचं घर आहे तो भाडेकरू ठेवतो आणि ज्याचं नाही तो भाडेकरू असतो, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट सगळ्यांनाच लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ते नोंदवावंच लागतं आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. पूर्वी त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दिवस काढावा लागे. आता कचेरी घरी येते. एजंट येतो, त्याच्या खांद्याला सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, लॅपटॉपला लोंबणारा वेबकॅम आणि काडेपेटीएवढं अंगठ्याचं यंत्र. आल्या आल्या तो पहिला प्रश्न प्लगपॉइंटचा विचारतो आणि दुसरा चहाबद्दल नको म्हणतो. घेतो मात्र.

जवाहरनगरमधल्या एका आजींचा असा करार मी जवळून पाहिला. भाडेकरू म्हणजे फिल्मसिटीत मालिकांचे संवाद लिहिणारा एक मुलगा आणि त्याची बायको. त्यांचे अंगठे एका फटक्यात लागले. आजींचा लागेना. यंत्रातला लाल दिवा लागायचा, एजंट "दाबा, आजी, दाबा" म्हणायचा, पडद्यावर नकार यायचा. एजंट मुरलेला. त्याने आधी ओल्या रुमालाने अंगठा पुसवला. मग कपाळावर घासायला सांगितला. अंगाचं तेल लागलं की रेषा उठतात म्हणे. मग केसांवरून फिरवायला सांगितला. आजींनी सगळं निमूटपणे केलं. संवादलेखकाची बायको वाकून बघायला लागली तेव्हा आजींनी हात पुढे करून दाखवला. अंगठा गुळगुळीत होता. पंचेचाळीस वर्षं भांडी घासली, कपडे धुतले, खोबरं खवलं. रेषा राहणार कुठून? "यांना घर माझं आहे हे पटेल कशावरून," आजी म्हणाल्या, "घराच्या लाद्यांवर आहेत बघ माझे ठसे सगळे." एजंट म्हणाला, "लादी स्कॅन होत नाही, आजी. मधलं बोट द्या." मधलं बोट लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आजींनी पेढे काढले, जणू बारावीचा निकाल.

पेन्शनरांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याची सही द्यावी लागते. १० नोव्हेंबर २०१४ पासून जीवन प्रमाण आलं, म्हणजे बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहण्याऐवजी बोट टेकवून जिवंत राहायची सोय झाली. आता चेहऱ्यावरही भागतं. ॲप सांगतं, डोळे मिचकवा. तळमजल्यावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक अडून बसले होते, "छत्तीस वर्षं शाळेत काढली, कुणाकडे बघून डोळा मिचकावला नाही. आता सरकारसमोर मिचकावू?" दोन्ही डोळे मिटायचे आहेत असं समजावल्यावर ते तयार झाले, पण इतका वेळ मिटून बसले की ॲपलाच शंका आली.

ॲग्रीमेंट पंधरा दिवसांनी पीडीएफ होऊन येतं तेव्हा त्यावर निबंधकांची डिजिटल सही असते आणि सहीवर एक पिवळं प्रश्नचिन्ह. ई-आधारवरही तेच. घरात हाहाकार उडतो. "फसवलं आपल्याला." खरं म्हणजे काही बिघडलेलं नसतं. भारतात या सह्यांची मुळं, सह्या देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या दिल्लीच्या नियंत्रकाच्या प्रमाणपत्रात आहेत आणि तुमच्या कॉम्प्युटरला अनेकदा हे नियंत्रक ठाऊकच नसतात, एवढंच. मग चिन्हावर उजवी टिचकी मारायची, व्हॅलिडेट सिग्नेचर म्हणायचं, प्रॉपर्टीजमध्ये जायचं, सर्टिफिकेट उघडायचं, ट्रस्ट नावाच्या कप्प्यात शिरायचं आणि ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स दाबायचं. म्हणजे कॉम्प्युटर विचारतो, तुमचा यांच्यावर विश्वास आहे का? तुम्ही म्हणता, आहे. कॉम्प्युटर म्हणतो, मग माझाही आहे, आणि हिरवी बरोबरची खूण उमटते. ज्या गोष्टीची खात्री करून घ्यायला आपण आलो तिची खात्री आपल्याकडूनच घेतली जाते. स्थळ सुचवणाऱ्या मावशींची पद्धत थेट हीच असते, पण त्या निदान पत्रिका तरी दाखवतात.

गोरेगावातल्या निम्म्या घरांचं एक पाऊल कोकणात असतं, त्यामुळे सातबारा हा जिव्हाळ्याचा विषय. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पंधरा रुपये भरा आणि उतारा घ्या. सही-शिक्क्याची गरज नाही हेही त्यावर सांगितलेलं असतं. आमच्या सेक्रेटरींनी असा उतारा काढून गावच्या चुलतभावाला व्हॉट्सॲपवर पाठवला. चुलतभाऊ म्हणाला, "ह्येच्यार तलाठ्याचो शिक्को खंय?" सेक्रेटरी म्हणाले, "लागत नाही, खाली वाच." चुलतभाऊ म्हणाला, "ता वाचलंय मी. पण त्येच्याखाली शिक्को खंय?"

आणि हसायचं तरी कुणाला? या डिजिटल उताऱ्याचं मुंबईत पुढे काय होतं ते पाहा. माणूस पीडीएफ घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे येतो. पाटीवर पॅनकार्ड, पासपोर्ट, रेंट ॲग्रीमेंट, डीएससी, लॅमिनेशन, मोबाइल कव्हर असा सगळा राज्यकारभार. तो प्रिंट काढतो. प्रिंट निघाली त्या क्षणी ती गणिती सही संपली. कागदावर उरतं ते तिचं नाव आणि हिरव्या खुणेचं काळंपांढरं चित्र. त्या प्रिंटची झेरॉक्स निघते. झेरॉक्सवर "सत्यप्रत" असा शिक्का बसतो. खाली माणूस पेनाने सही करतो. मग हा कागद स्कॅन होतो, दोनशे केबीत चेपला जातो आणि कुठल्याशा खात्याच्या पोर्टलवर चढतो. ज्या फाइलीत एक स्वल्पविराम हलवता येत नव्हता, ती वाचता येणार नाही इतकी धूसर झाली की अधिकृत ठरते. त्या खात्यातला माणूस कुरकुरत नाही. उलट निळी शाई पाहून त्याचा जीव भांड्यात पडतो.

आपल्या पूर्वजांना यातलं मर्म चांगलं कळलेलं होतं. शिवकाळातल्या राजपत्रांत माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की तळाला मोर्तबाचा लहान शिक्का; त्याखाली कुणी एक ओळ घुसडू नये म्हणून. दोनशे छप्पन्न बिटांचं गणित नव्हतं, पण दुखणं तेच आणि औषधही त्याच जातीचं. गावकीच्या कागदांवर लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी. व्यापाऱ्याची निशाणी तराजू. सहीत धंदा दिसायचा. ती पद्धत चालू राहिली असती तर आज गोरेगावच्या कागदांवर निम्मे माउस, दोन-चार स्टेथोस्कोप आणि संवादलेखकाच्या नावासमोर कांदा दिसला असता.

सही करायला गोरेगावकर कचरतो त्याला कारणंही आहेत. सिद्धार्थनगरच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ सालचा. त्या सह्यांनंतर घराची वाट पाहण्यात त्यांचं एक तप उलटून गेलं. हे ज्याने शेजारून पाहिलं तो डिलिव्हरीवाल्याच्या मोबाइलवर बोट फिरवतानाही चष्मा लावतो. त्यामुळे आमच्या सोसायटीचा पुनर्विकास निघाला तेव्हा संमतिपत्रांचा विषय तीन सभा पुरला. सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते. दुसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला म्हणाला, "ई-साइनने घेऊ, एका संध्याकाळी काम होईल." सभेत शांतता. मग एक काका उठले. "एका संध्याकाळी होईल, हेच तर भीतीदायक आहे."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. कायद्यालाही काही ठिकाणी धीर होत नाही. मृत्युपत्र आणि न्यासपत्र आजही डिजिटल सहीने करता येत नाहीत. त्यांना कागद, पेन आणि माणूस लागतो. घराच्या खरेदीविक्रीचा करारही त्याच यादीत होता, तो २०२२ साली बाहेर काढला. हे ऐकल्यावर बी विंगच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे मरताना सही करायची तर पेन आहे. मग जिवंतपणी कशाला यंत्र?" टाळ्या पडल्या. आयटीवाला खाली बसला. पेनाने सह्या घ्यायचं ठरलं, निळ्या की काळ्या यावर आणखी पाऊण तास गेला आणि निळा निवडून आला.

राहता राहिला न्यू जर्सीचा सभासद. त्याचं संमतिपत्र ईमेलने आलं. नाव तिरक्या, वळणदार इंग्रजी अक्षरांत, खाली तारीख, सेकंदासकट वेळ आणि लांबलचक नंबर. त्याच्याकडे हे रीतसर चालतं. अमेरिकेच्या ३० जून २००० च्या ई-साइन कायद्याने सहीची व्याख्या इतकी सैल केली आहे की सही करायच्या इराद्याने कॉम्प्युटरवर नुसता आवाज दिला तरी तो सहीत बसू शकतो. आमच्या कमिटीने संमतिपत्र मोठं करून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं.

खजिनदार म्हणाले, "ही सही नाही. हा फॉन्ट आहे."

सेक्रेटरींनी शेअर सर्टिफिकेटची फाइल काढली. तिथली त्याची सही देवनागरीत, 'भ' चुकलेली. "बघा, कुठे हे आणि कुठे ते."

त्याला कळवण्यात आलं: प्रिंट काढा, पेनाने सही करा, मूळ प्रत कुरियरने पाठवा. तिकडे त्याची निराळीच पंचाईत. वीस वर्षांत हाताने सही करायची वेळ क्वचितच आलेली, आपण सही कशी करायचो ते त्याला आठवेना. शेवटी त्याने तीच कॉम्प्युटरची तिरकी अक्षरं फिकट छापून घेतली आणि त्यावर निळ्या पेनाने सावकाश गिरवलं.

कुरियर आलं. सेक्रेटरींनी भिंगातून सही न्याहाळली, कागदाच्या मागच्या बाजूला पेनाचा दाब उमटलाय का ते बोटाने चाचपलं आणि कागद खजिनदारांकडे सरकवला. "आता कशी मनापासून केलीय बघा. घ्या याला ५१ टक्क्यांत."